भविष्यातल्या मराठी कथेतून सैन्य हद्दपार करू नका: विज्ञानकथा स्पर्धांचे आयोजक, परीक्षक आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना खुलं पत्र

सन्माननीय आयोजक, परीक्षक आणि संपादक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

ठाण्यातल्या एका विज्ञानकथा स्पर्धेची यंदाची नियमावली आमच्या वाचन कट्ट्याच्या ग्रुपवर आली, त्यातला एक नियम वाचला आणि गप्प बसवेना म्हणून हे लिहितोय. नियम असा, की कथा भविष्यकाळातली हवी पण तिच्यात कुठल्याही देशाचं नाव, कुठल्याही देशाचं सैन्य आणि सीमावाद येता कामा नये, कथा वैश्विक असावी. स्पर्धेचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण प्रश्न एका स्पर्धेचा नाहीच, आमच्या कट्ट्यावरच्या लिहिणाऱ्यांना काही दिवाळी अंकांकडूनही हेच ऐकायला मिळालंय, कधी मेलवर, कधी फोनवर, की जरा राजकीय वाटतंय, उगाच वाद होईल, त्यापेक्षा सगळ्या मानवजातीबद्दल लिहा ना. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर.

मी कोण ते सांगतो म्हणजे एवढं का लागलं ते कळेल. उलव्याला राहतो, न्हावा-शेवाजवळ एका कंटेनर यार्डात डॉक्युमेंटेशनला आहे. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झाले, पुतण्या सध्या अग्निवीर आहे. आणि विज्ञानकथा मी शाळेपासून वाचतोय, हाताला लागेल तो दिवाळी अंक आधी त्या पानावर उघडायचा ही सवय अजून गेली नाही. म्हणजे तुम्ही ज्या गोष्टी एका ओळीत कथेबाहेर काढल्यात त्या माझ्या घरातल्या आहेत.

कट्ट्यावर घणसोलीची एक मुलगी येते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची कथा साधारण २०८० ची, चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरची. नायक पायलट नाही की शास्त्रज्ञ नाही, स्टोअरचा हवालदार आहे, रजिस्टर घेऊन ऑक्सिजनच्या टाक्या मोजणारा. शेजारी दुसऱ्या देशाची पोस्ट, मध्ये दोघांनी कागदावर आखलेला पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या पलीकडे त्यांचा एक माणूस गाडीखाली अडकलाय. ओलांडलं तर आगळीक, नाही ओलांडलं तर माणूस जाणार. चंद्रावरून रेडिओचा निरोप पृथ्वीवर पोचायला जेमतेम सव्वा सेकंद लागतो, पण परवानगीची फाइल टेबलावरून टेबलावर जायला किती वेळ लागेल ते कुणालाच माहीत नाही, आणि तोपर्यंत हा हवालदार रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकडे मांडतोय, आपल्या टाक्यांतून त्याला किती दिल्या तर आपली किती माणसं किती तास जगतील. अख्ख्या कथेत एक गोळी सुटत नाही. कथा परत आली, कारण एका ओळीचं: सैन्य व देशांची नावे असल्याने विचारार्थ घेता येत नाही.

आता मुद्द्यांवर येतो.

पहिलं म्हणजे तुमच्या नियमामागे असं गृहीत धरलेलं दिसतं की माणूस अवकाशात गेला की देश मागे राहतात. कागदपत्रं तसं सांगत नाहीत हो. १९६७ चा बाह्य अवकाश करार काढून बघा, छोटासाच आहे. कलम २ म्हणतं चंद्रावर कुठल्याही देशाने मालकी सांगायची नाही. कलम ४ म्हणतं अण्वस्त्रं कक्षेत ठेवायची नाहीत, चंद्रावर लष्करी तळ नको, शस्त्रांची चाचणी नको, कवायती नकोत. आणि त्याच कलमात लगेच पुढे आहे की शास्त्रीय संशोधनासाठी किंवा इतर शांततेच्या कामासाठी लष्करी माणसं वापरायला मनाई नाही. म्हणजे चंद्रावर फौजी जाणार हे करार लिहिणाऱ्यांनी तेव्हाच धरून ठेवलं होतं. आपलंच बघा, राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले ते हवाई दलाचे, २०२५ मध्ये स्पेस स्टेशनवर जाऊन आलेले शुभांशू शुक्ला हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन, गगनयानसाठी निवडलेले चौघेच्या चौघे हवाई दलाचे. मग उद्या तुमच्या स्पर्धेसाठी कुणी भारतीय अंतराळवीर लिहिला तर त्याच्या छातीवरचा बॅज खोडून लिहायचा का?

आणि वैश्विकचा प्रयोग खुद्द देशांनी करून बघितलाय. चंद्रावरची संपत्ती सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा आहे असं म्हणणारा करार १९७९ मध्ये झाला. भारताने त्यावर १९८२ मध्ये सही केली पण पुढची मंजुरी दिली नाही, अमेरिका, रशिया, चीन यांनी तर सहीच केली नाही. आज काय चाललंय? चीन आणि रशियाने २०२१ मध्ये चंद्रावर संशोधन केंद्र बांधायचं ठरवून करार केला, पाकिस्तान २०२३ मध्ये त्या बाजूला गेला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताने अमेरिकेच्या आर्टेमिस करारावर, म्हणजे चंद्रावर कसं वागायचं याच्या करारावर, सही केली. आर्टेमिसमध्ये सेफ्टी झोनची तरतूद आहे, आपण जिथे काम करतोय त्याच्या भोवती एवढ्या भागात येण्याआधी आम्हाला कळवा अशी. पलीकडची बाजू ते मानायला बांधील नाही. चांद्रयान-३ उतरलं ते साधारण ६९ अंश दक्षिणेला, सगळ्यांची नजर त्याच्याही खाली, ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांवर आहे, कारण बर्फ तिथे आहे, आणि जवळच ऊन मिळेल अशा उंच जागा मोजक्या. पाणी मोजकं, जागा मोजकी, दोन गट, आणि मध्ये न पटलेली एक रेघ. घणसोलीच्या पोरीने यातलं काय स्वतःच्या मनाने बनवलं सांगा ना?

दुसरं, सैन्य म्हटलं की तुम्हाला फक्त लढाई आणि घोषणा दिसतात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. वडील सियाचीनला होते. तिथे आपलं सैन्य १९८४ पासून बसलंय आणि आजवर गोळीपेक्षा हवामानाने आणि हिमकड्यांनी जास्त माणसं नेली. वडिलांच्या बोलण्यात शत्रू फार कमी येतो. रॉकेल येतं. जेरीकॅन किती उरले, हवा मोकळी झाल्यावर हेलिकॉप्टर कधी येणार, एका पोस्टवरून दुसरीकडे जाणाऱ्या लिंक पेट्रोलला दोरीत कुणाच्या मागे कोण चालणार, रात्री पोस्टच्या छतावरचा बर्फ फावड्याने काढायची पाळी कुणाची, एखादा पोरगा दोन दिवस न बोलता बसला तर त्याच्याशी कुणी बोलायचं. अजूनही घरात गॅस सिलेंडर बदलताना ते आधी जुना हातात धरून उचलून बघतात, थोडा तरी असेल म्हणून. चंद्रावरची पोस्ट कशी चालेल हे कुणाला लिहायचं असेल तर मराठी घराघरांत अशी माणसं बसलीयेत, त्यांना विचारायला कुणी जात नाही, आणि गेलं तरी त्यातून आलेली कथा तुम्ही घेत नाही.

गलवानचं उदाहरण घ्या. भारत आणि चीनमध्ये १९९६ चा करार आहे, प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. जून २०२० मध्ये तिथे आपले २० जवान गेले, गोळी सुटली नाही. दगड, काठ्या, खिळे ठोकलेले रॉड. दोन अण्वस्त्रधारी देश, डोक्यावरून दोघांचे सॅटेलाईट फिरतायत, आणि खाली थंडगार नदीच्या काठावर माणसं हातघाईवर. एका कागदावरच्या अटीमुळे हत्यार बदललं आणि लढाईचं रूपच बदललं. भविष्यातलं युद्ध कसं असेल याचा विचार करणाऱ्या लेखकासाठी यापेक्षा मोठं खाद्य कुठलं? अवकाशातल्या करारांमधून पुढे कुठली हत्यारं निघतील, कशावर बंदी नाही म्हणून काय वापरलं जाईल, हा अगदी मूळ विज्ञानकथेचा प्रश्न आहे आणि तुमच्या नियमाने तो विचारताच येत नाही.

अजून एक प्रसंग. १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने स्वतःचाच एक जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. दीड हजाराच्या आसपास मोठे तुकडे झाले आणि स्पेस स्टेशनवरच्या सात जणांना आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं, त्या सातांत दोघे रशियनच होते. स्वतःच्या देशाच्या सैन्याने केलेल्या धमाक्यापासून जीव वाचवायला ते दुसऱ्या देशांच्या लोकांबरोबर लपले. चीनने २००७ मध्ये हेच केलं होतं, फार उंचावर, त्याचे तुकडे आजही फिरतायत. आपण २७ मार्च २०१९ ला केलं ते तीनशे किलोमीटरच्या आसपास, कचरा लवकर खाली येऊन जळावा म्हणून. यातलं एकही वाक्य देशाचं नाव न घेता लिहून दाखवा मला.

तिसरा मुद्दा इथला, आपल्या खाडीच्या दोन्ही बाजूंचा, आणि तो मला जरा सविस्तर सांगायचाय कारण परीक्षक मंडळींना बहुतेक असं वाटतं की भू-राजकारण म्हणजे दिल्ली-वॉशिंग्टनच्या गप्पा, ठाण्या-नवी मुंबईच्या लेखकाने त्यात कशाला पडायचं.

२७ जून २०१७. आमच्या बंदरातल्या एका टर्मिनलची कॉम्प्युटर सिस्टीम बंद पडली. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर आहे तेच कळेना. कंटेनर आत न्यायला लागणारा फॉर्म १३ निघेना, गेटवर ट्रेलर आत घेता येईना, रांग मागे मागे सरकत करळ फाट्याच्या दिशेने, ड्रायव्हर गाडीखाली सावलीत झोपलेले, आमच्या यार्डात फोनवर फोन, नाशवंत माल आहे साहेब काहीतरी करा. हळूहळू कागद-पेन घेऊन हाताने काम सुरू झालं. आम्हाला वाटलं व्हायरस असेल. नंतर कळलं की तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून पसरवलेला हल्ला होता, तिथून जगभरच्या कंपन्यांमध्ये गेला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या सरकारांनी उघड सांगितलं की यामागे रशियाचं लष्कर आहे. रशियाने ते नाकारलं. म्हणजे दोन देशांच्या भांडणात, ज्यांच्याशी उरण तालुक्याचा काडीचा संबंध नाही, एका सैन्याने टाकलेलं हत्यार आमच्या गेटवर येऊन पडलं. गणवेश नाही, सायरन नाही, उन्हात ताटकळलेले ट्रेलरवाले तेवढे दिसत होते.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे दिवस, हॉस्पिटलं जनरेटरवर. बिघाडाच्या चर्चेत कळवा आणि पडघ्याच्या लाइनचं नाव सारखं येत होतं. पुढच्या वर्षी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर सेलच्या अहवालावरून घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की मानवी चूक होती. मी इथे कुणाची बाजू घेत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की पुढचं युद्ध असं असणार आहे, ज्यात झालं की नाही यावरच दोन मंत्र्यांचं एकमत नसेल. कळव्याच्या सबस्टेशनमधला रात्रपाळीचा ऑपरेटर, २०५० साल, स्क्रीनवर एक ब्रेकर आपोआप पडतो, आणि त्याने वर फोन करून काय सांगायचं, बिघाड की हल्ला? कारण हल्ला म्हटलं की कुठेतरी कुणीतरी प्रत्युत्तर द्यायला बसलेलं आहे. ही कथा ठाण्याच्याच लेखकाने लिहायला हवी. आणि मे २०२५ मध्ये देशभर सिव्हिल डिफेन्सच्या मॉक ड्रिल झाल्या तेव्हा पहिल्या यादीत मुंबई आणि तारापूरबरोबर उरणचं नाव होतं. आम्ही राहतो ते ठिकाण शत्रूच्या नकाशावर आहे हे सरकार आम्हाला सांगतं, आणि तुम्ही म्हणता कथेत नको.

चौथं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातला शेतकऱ्याचा मुलगा, इटलीशी त्याचं काय भांडण होतं? भांडण युरोपातल्या सत्तांचं, निर्णय लंडनचा, जीव रायगडचा. आपल्या सातारा-रायगड-कोल्हापूरच्या पोरांनी दोन महायुद्धांत लांबलांबच्या देशांत असेच जीव दिले. पुढे काय वेगळं होणार आहे? पुतण्याच्या भरतीचे नियम २०२२ चे, चार वर्षं सेवा, शंभरातले पंचवीस जण जास्तीत जास्त कायम होतात, बाकीचे बाहेर. त्याला आत्ताच प्रश्न पडलाय पुढे काय. तो प्रश्न पन्नास वर्षं पुढे नेऊन बघा. हातात शिस्त आणि शस्त्राचं शिक्षण असलेली, पंचविशीच्या आत मोकळी झालेली हजारो पोरं, आणि समोर अवकाशातल्या खाणींवर पहारेकरी नेमणाऱ्या कुठल्यातरी देशाच्या कंपन्या, भरपूर पगार देणाऱ्या. ती पोरं कुणाच्या झेंड्याखाली उभी राहतील? आणि समोरच्या बाजूला त्यांच्याच गावचा कुणी असेल तर? मला हे वाचायचंय. मराठीत वाचायचंय.

आता तुमची बाजू. सैन्यावर कथा मागवल्या की शेजारच्या देशाला शिव्या घालणाऱ्या, शेवटच्या पानात शत्रूची राजधानी भस्म करून टाकणाऱ्या कथांचा ढीग येतो, हे मला मान्य आहे. मीही अशा वाचल्यात आणि मला त्यांचा राग येतो, कारण ज्याच्या घरातलं कुणी सीमेवर असतं त्याला अशा कथा करमणूक म्हणून वाचता येत नाहीत. अंक चालवणं सोपं नाही, जाहिराती मिळत नाहीत, एका कथेवरून कुणी दारात मोर्चा आणला तर संपादक एकटा पडतो, तेही समजतं. पण म्हणून विषयच बंद केला तर काय होतं? द्वेषाच्या कथा थांबत नाहीत, त्या फॉरवर्ड होऊन फिरतातच आणि टीव्हीवरच्या आरडाओरड्यातही असतातच. थांबते ती टाक्या मोजणाऱ्या हवालदाराची कथा. शांतता हवी असलेल्या माणसाने तरी युद्ध कसं सुरू होतं याचा बारकाईने विचार करायला नको का, कुठली अट मोडली, कुणाचा निरोप उशिरा पोचला, कुणी घाबरून बटण दाबलं?

म्हणून माझ्या आणि आमच्या कट्ट्यावरच्या सगळ्यांच्या मागण्या साध्या आहेत.

देश, सैन्य आणि सीमा यांच्यावर सरसकट बंदी घालणारा नियम काढून टाका, यंदाच काढा, मुदत अजून संपलेली नाही. त्याऐवजी सरळ लिहा की कुठल्याही देशाच्या, धर्माच्या, भाषेच्या लोकांचा द्वेष पसरवणारी कथा घेतली जाणार नाही, त्याला आमचा पूर्ण पाठिंबा राहील.

परीक्षक मंडळावर निदान एक जण असा घ्या ज्याने गणवेशात नोकरी केलीय किंवा ज्याला आंतरराष्ट्रीय करार वाचता येतात. ठाणे, डोंबिवली, नेरूळ, खारघर, कुठेही हाक मारा, रिटायर्ड फौजी आणि नेव्हीवाले भरपूर आहेत आणि मनापासून वाचणारे आहेत.

कथा परत करताना खरं कारण लिहा. राजकीय आहे हे कारण होत नाही. विज्ञान कच्चं आहे, माणसं लाकडी आहेत, शेवट पटत नाही, असं काही असेल तर सांगा, लिहिणारा सुधारेल. नुसतं राजकीय म्हटलं की तो पुढच्या वेळी गप्प बसतो, आणि नवीन लिहिणारे आधीच किती उरलेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना वेगळी विनंती, एखाद्या वर्षी हाच विषय देऊन कथा मागवा: पुढच्या शंभर वर्षांतलं सैन्य. बंदरवाले, वीजवाले, फौजी, त्यांच्या घरच्या बायका, ज्यांनी वर्षानुवर्षं पोस्टिंगच्या हिशोबाने संसार केला, या सगळ्यांना लिहायला सांगा. छापायला पानं कमी पडली तर आम्ही कट्ट्यातर्फे वर्गणी काढायला तयार आहोत.

आणि घणसोलीच्या त्या मुलीची कथा पुन्हा मागवून नीट वाचा. तिने ती बदललेली नाही, देशांची नावं आहेत तशीच आहेत आणि आम्ही तिला बदलू नकोस असंच सांगितलंय. वाचून नाही आवडली तर नाही म्हणा, तो तुमचा अधिकार आहे, पण वाचून म्हणा.

उत्तराची वाट बघतोय. फोनवर नको, लेखी द्या, आम्ही ते कट्ट्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवू.

आपला,
उलव्याचा एक वाचक